जळगाव जामोद, मार्गे बर्लिन

बुलढाण्याहून अमरावतीला जायचं तर एस.टी. खामगाव, अकोला करत जाते. दोनशेच्या आसपास किलोमीटर. माणूस पाटी वाचतो, खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतो आणि निमूट बसतो. मात्र बुलढाणा जिल्ह्यातल्याच जळगाव जामोद तालुक्यातलं बोलणं ऐकायला बर्लिनमार्गे जावं लागतं, ही पाटी अजून कोणत्याही आगारानं लावलेली नाही.

प्रकरण निहाली भाषेचं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, जामोदच्या आसपासच्या गावांत ती बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात. जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी तिचं नातं आजवर कुणाला पटेल असं सिद्ध करता आलेलं नाही. म्हणजे सोयरीक शोधणारे थकले, मुलगी तशीच स्वतंत्र. ग्रिअर्सनसाहेबांनी भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०६ च्या खंडात तिला शेजारच्या कोरकूच्या पदरात टाकलं आणि पुढचं काम हाती घेतलं. १९६२ साली कायपर या डच पंडितानं ॲमस्टरडॅममध्ये तिच्यावर पुस्तक छापलं. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांनी गावांत बसून तिची ध्वनिमुद्रणं केली. ती ठेवली गेली लंडनच्या सोआस विद्यापीठातल्या संकटग्रस्त भाषांच्या संग्रहात. २०२१ साली तो अख्खा संग्रह बिऱ्हाड हलवून बर्लिनच्या विज्ञान अकादमीत गेला. ज्यांचा आवाज आहे त्यांच्याकडे पासपोर्ट असण्याचा संभव कमी. आवाजानं मात्र दोन देश पालथे घातले.

गंमत म्हणजे बर्लिनचं सोपं आहे. नाव नोंदवा, कानाला यंत्र लावा, ऐका. खरी यात्रा सुरू होते ती आवाज जवळच्या कपाटात असला म्हणजे.

त्याआधी दूरचं आणखी एक सोपं उदाहरण. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाला जोडूनच १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनच्या तबकड्या भरल्या गेल्या. लाखेच्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. बोलींचे नमुने एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून बहुतेकांना एकच गोष्ट सांगायला लावली: बायबलातली उधळ्या मुलाची. त्यामुळे ब्रिटिश दप्तरात हिंदुस्थानातल्या जवळपास प्रत्येक बोलीतला धाकटा मुलगा बापाची इस्टेट उडवून, डुकरं राखून, मान खाली घालून घरी परत आलेला आहे. शंभराच्या आसपास भाषा आणि बोली, दोनशेच्या वर तबकड्या, आणि एकाही बापानं फटका दिलेला नाही. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयीच्या डिजिटल ग्रंथालयानं त्या जगाला खुल्या करून ठेवल्या आहेत. चिखलीच्या चहाच्या टपरीवर बसून त्या मोबाइलवर ऐकता येतात. अडचण येते ती फक्त टपरीवाल्याच्या गाण्यांची.

आता घरचं. बुलढाणा जिल्ह्यातली महाविद्यालयं ज्या अमरावती विद्यापीठात मोडतात ते १९८३ साली स्थापन झालं आणि पुढं त्याला संत गाडगेबाबांचं नाव लागलं. बाबांनी उभा जन्म कीर्तनं केली, तीही वऱ्हाडीत, श्रोत्यांना प्रश्न विचारत. त्यातली बहुतेक वाऱ्यावर गेली. आज बाबांचा आवाज म्हणून जे कीर्तन ऐकायला मिळतं ते नोव्हेंबर १९५६ मधलं, मुंबईच्या वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारातलं. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. वऱ्हाडी माणसाचा आवाज पोलीस ठाण्यात नोंदला जाणं ही एरवी घरी सांगण्यासारखी गोष्ट नसते. इथं मात्र त्या ठाण्याचे उपकारच मानायचे.

अशी एखादी फीत आपल्याही भागात असेल, या आशेनं निघणारा अभ्यासक ही एक वेगळी जमात आहे. खांद्याला शबनम, खिशात प्राचार्यांचं पत्र, पत्रावर गोल शिक्का. तो एका ग्रंथालयात पोचतो (नाव कशाला, प्रत्येक जिल्ह्यात एक आहेच) आणि संवाद साधारण असा होतो.

"स्पूल हायेत ना जी. पन मशीन नाही."

"मशीन कुठं गेलं?"

"मशीन हाये. पन बेल्ट नाही."

"बेल्ट मागवायचा मग."

"बेल्ट बी आनला होता. थो लावनारा मानूस रिटायर झाला."

यात खोटं एक अक्षर नाही. रबरी पट्टे वर्षानुवर्षं पडून राहिले की चिकट होऊन विरघळतात. पाव इंची फीत वाजवणारी मोठी यंत्रं आता फारसं कुणी बनवत नाही आणि त्यांचं 'हेड' साफ कसं करायचं हे माहीत असलेला माणूस सेवाज्येष्ठता यादीतून कधीच बाहेर पडलेला असतो. ग्रंथालयाच्या डेडस्टॉक रजिस्टरात या ऐवजाची नोंद 'गोल वस्तू, नग ९' अशी असते. पुस्तकाला लेखक असतो, विषय असतो, क्रमांक असतो. गोल वस्तूला फक्त नग.

शास्त्र तर याहून मजेदार आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कित्येक फितींवरचा लेप हवेतली ओल शोषून चिकट होतो. वाजवायला जावं तर फीत किंचाळते आणि आवाज यंत्राच्या तोंडाला चिकटून बसतो. यावर जगभर मान्य असलेला उपाय काय, तर फीत साधारण पन्नास अंश उष्णतेत काही तास हळूहळू भाजायची. मग ती काही दिवस शहाण्यासारखी वाजते, तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यायची. हे ऐकून घाटाखालच्या एखाद्या शेगावकराला वाटेल की मे महिन्यात गच्चीवर ठेवलं की झालं. कृपा करून ठेवू नये. फीत भाजायची असते, वाळवायची नसते, आणि काही जुन्या फिती तर भाजल्या की कायमच्या जातात. चित्रपटांची तऱ्हा आणखी वेगळी. ॲसिटेटवरचं रीळ उकाड्यात सडू लागलं की त्याला व्हिनेगरचा वास सुटतो आणि त्या वाफेनं शेजारची रिळंही बिघडायला लागतात. कपाट उघडल्यावर लोणच्याची आठवण झाली तर तो शुभशकुन नव्हे.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पुढच्या वर्षी तिथं रुजू झालेल्या पी. के. नायरांनी आयुष्यभर हेच कपाटांचे वास घेण्याचं काम केलं. फाळक्यांच्या कुटुंबाकडून मिळालेली १९१९ च्या 'कालिया मर्दन'ची रिळं त्यांनी जुळवली, म्हणून फाळक्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं, केलेला बाळकृष्ण आज दिसतो. पण देशात हजाराच्या वर मूकपट निघाले आणि पुरे म्हणावेत असे हाती लागले ते बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे गेले कुठं? काही जळाले, काही सडले आणि काहींमधली चांदी काढून घेतली. कृष्णधवल फितीत चांदी असते, हे भंगारवाल्यांना समीक्षकांच्या आधी कळलं होतं. 'आलम आरा'ची रिळंही त्याच वाटेनं गेल्याचं नायरांना निर्माते अर्देशीर इराणी यांच्या घरातूनच समजलं. चांदीच्या बाजारासाठी नावाजलेल्या खामगावात हे सांगितलं तर कुणी दचकणार नाही. कलेचं मोल करताना लोक वजनकाटा आणतात, हे तिथं फार पूर्वीपासून ठाऊक असावं.

युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१९ साली जगभरच्या संस्थांना सावध केलं: चुंबकीय फिती वाजवणारी चालू यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग संपत चाललेत, २०२५ च्या सुमारास हे काम आवाक्याबाहेर जाईल, नकला आधीच करून घ्या. आपल्याकडे भाकीत गांभीर्यानं घेण्याची सवय आहे. भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस, पिकं, देशाचा राजा सगळ्यांचं भविष्य अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सांगतात आणि संध्याकाळपर्यंत ते जिल्हाभर तोंडपाठ होतं. फितींचं भविष्य मात्र घटात कुणी मांडलं नाही, म्हणून ते राहून गेलं.

घाटावर असो वा घाटाखाली, ज्यांच्या माळ्यावर कीर्तनाच्या, भारुडाच्या, आजीच्या ओव्यांच्या जुन्या फिती किंवा कॅसेटी असतील त्यांनी त्या पत्र्याखालून काढून घरातल्या थंड, कोरड्या खोलीत आणाव्यात. मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर हौसेनं वाजवू नयेत. नक्कल जाणत्याकडूनच करून घ्यावी. डब्यावर पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहाव्यात: कोण बोलतंय, गाव कोणतं, साल कोणतं. आणि एखाद्या ग्रंथालयाच्या निर्लेखन समितीवर कुणी ओळखीचं असेल, तर 'गोल वस्तू'पुढं सही करण्याआधी आत काय आहे ते एकदा विचारायला सांगावं.