अष्टविनायक@१२३

प्रत्येक कचेरीत एक अण्णा असतातच, त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. आमचे अण्णा सहकारी बँकेच्या शाखेत हेडक्लार्क. संगणकाने 'पासवर्ड बदला' म्हटलं की ते कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात आणि आवाज देतात, "तोंडं फिरवा!" आम्ही फिरवतो. चहाचा ट्रे घेतलेला शिपाई फिरतो. पासबुक भरायला आलेल्या आजी, काही संबंध नसताना, फिरतात. भिंतीवरच्या संस्थापकांच्या तसबिरीला तेवढी सूट आहे. मग त्या शांततेत अण्णा एकेक कळ दाबत खणखणीत आवाजात म्हणतात, "कॅपिटल टी... एच... ई... यू... आर... ॲट... एक, दोन, तीन."

थेऊर लागलं, हे आम्हाला पाठमोऱ्यानेच कळतं.

मोरगावला सुरुवात, आठवं रांजणगाव. मध्ये क्रम चुकायचा नाही. बँकेचा नियम दर ४५ दिवसांनी बदलण्याचा. आठ गणपतींचे ३६० दिवस, म्हणजे वर्षाला एक यात्रा पदरात. मागचे पाच पासवर्ड पुन्हा चालत नाहीत, पण मोरगावची पाळी येईतो यंत्र मोरगाव विसरलेलं असतं. धाकधूक पालीला. चिन्ह आणि आकडे धरून मोजून आठ अक्षरं भरतात आणि आठाच्या खाली यंत्र घेत नाही. "बल्लाळेश्वर काठावर पास करतो," असं अण्णा म्हणतात. आता शाखेचा कारभारही याच पंचांगावर चालतो. ऑडिट कधी? महड संपता संपता. शिपायाची रजा? सिद्धटेकात.

हा जाच मुळात अमेरिकेतला. तिथल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेत बिल बर नावाच्या गृहस्थांनी २००३ साली सल्ला लिहिला: कॅपिटल अक्षरं, आकडे, चिन्हं घाला आणि पासवर्ड वरचेवर बदला. जगभरच्या कचेऱ्यांनी तो शिरोधार्य मानला. निवृत्तीनंतर, २०१७ साली, त्याच बरसाहेबांनी आपल्याला त्याचा पस्तावा होतो असं जाहीर सांगितलं. संस्थेनेही त्याच वर्षी नियम फिरवला: फुटल्याचा संशय असेल तरच बदला, एरवी लांबलचक ठेवा आणि सुखाने राहा. सक्ती केली की माणूस ठरलेली पायवाट धरतो, हे कळायला त्यांना चौदा वर्षं लागली. अण्णांच्या टेबलापाशी उभे राहिले असते तर चहा संपायच्या आत कळलं असतं. आमच्या हेड ऑफिसला अजून कळायचंय.

मी एकदा सुचवलं, की एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून लांब पासवर्ड करा. अण्णा म्हणाले, "चार ठिकाणी एकदम दर्शन होत नसतं."

खरी यात्रा त्यांनी केलेलीच नाही. काकूंना कबूल केली होती. मग मार्चअखेर आली, मग ऑडिट, मग काकूंचे गुडघे. असो.

परवा सगळ्यांना मेल आला: तुमचा पासवर्ड आज रात्री संपतोय, खालच्या लिंकवर जाऊन बदला. कॅशियरने बदलला. मॅनेजरसाहेबांनी जुना-नवा दोन्ही टाकले. हेड ऑफिसहून आलेला संगणक विभागाचा मुलगा, जो आम्हाला सुरक्षेवर भाषण द्यायला आला होता, त्यानेही चालता चालता मोबाइलवर उरकून घेतलं. एकटे अण्णा हलले नाहीत. "खोटं आहे हे. माझ्या लेण्याद्रीला अजून अकरा दिवस आहेत."

नीट पाहिलं तर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बँकेच्या नावाला एक अक्षर जास्त होतं.

पुढचा तास शाखा अण्णांनी चालवली. प्रत्येकाला लिंक सोडून नेहमीच्या स्क्रीनवरून पासवर्ड बदलायला लावला. हेड ऑफिसला फोन करून सगळ्यांची चालू लॉग-इन बंद करवली. मॅनेजरसाहेबांना विचारलं, "साहेब, हाच पासवर्ड घरच्या ईमेललाही आहे का?" साहेब गप्प. "मग तोही बदला." आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्या घटकेला हा माणूस मला आवडला, हे लिहिताना थोडं जड जातंय.

आठवड्याने हेड ऑफिसची पत्रं आली. संगणक विभागाला 'तत्परतेबद्दल' शाबासकी. अण्णांना मेमो: कर्मचाऱ्यांदेखत पासवर्ड उच्चारल्याबद्दल खुलासा करावा व तो त्वरित बदलावा.

अण्णांनी मेमोवर 'वाचले' लिहून सही केली. खुलाशाचं त्यांना काही वाटलं नाही. ओझर मुदतीआधीच लागलं, आता रांजणगाव अधिक महिन्यासारखं लांबवता येईल का, एवढंच ते संगणकवाल्या मुलाला विचारत होते.