बारा वाजले!

पोराचा कॉम्प्युटर रात्री बंद कोणी करायचा, आईने की बाबांनी? दक्षिण कोरियात हे घरगुती भांडण चक्क सरकारने अंगावर घेतलं. नोव्हेंबर २०११ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद. लोकांनी नाव ठेवलं, ‘सिंड्रेला कायदा’.

सिंड्रेला बिचारी बाराच्या ठोक्याला पळत सुटली. ही पोरं हलली नाहीत. अनेकांनी आईबापांचे ओळख क्रमांक टाकून खेळ सुरूच ठेवला. कागदोपत्री रात्री दोनला बाबा राक्षस मारत होते. प्रत्यक्षात ते घोरत होते.

दहा वर्षांनी सरकार दमलं. १ जानेवारी २०२२ला कायदा रद्द झाला आणि गेमच्या वेळेचा तंटा पुन्हा आईबाबांच्या पदरात पडला.