भांडायला समोर माणूस हवा

म्यूनिक,
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. आई-बाबांस,
सुमेधाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल आहोत. ईराचा खोकला गेला, निखिलची पाठ आहे तशीच आहे आणि थंडीने दारात पाऊल टाकलंय. फोनवर हे सगळं झालेलं आहे, पण त्याशिवाय सुरुवात केली तर बाबा म्हणणार, हे पत्र आहे की तार? आता मुद्द्यावर येते. मुद्दा अर्थातच मिक्सरचा.

आईचा जुना मिक्सर चालू झाला की खालच्या मजल्यावरची माणसं बोलायची थांबतात. म्हणून दसऱ्याला नवा पाठवायचा असं आम्ही ठरवलं. दाजीबानपेठेत जिना उतरलं की दुकानंच दुकानं. पण ऑनलाइनवर सूट होती, आणि सूट दिसली की निखिलला दुसरं काही दिसत नाही.

पहिली अडचण पत्त्याची. फॉर्ममधल्या यादीत हुबळी होतं आणि हुब्बळ्ळीही होतं. सरकारने २०१४ च्या १ नोव्हेंबरला नाव बदललं, पण त्या वेबसाइटच्या मते ही दोन वेगळी गावं आहेत आणि एकातच माल पोचतो. मग पिनकोड. त्याच्याखाली पुन्हा ‘जवळची खूण’. एकाच नावाची अनेक गावं आणि नाना भाषांत लिहिलेले पत्ते यांतून टपाल खात्याची सुटका व्हावी म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकरांनी सहा आकडी पिनकोड काढला आणि १५ ऑगस्ट १९७२ ला तो देशभर लागू झाला. वेलणकर संस्कृतचे पंडित आणि कवी. त्यांनी एवढा व्याप केला, तरी आपण अजून ‘तुळजाभवानी मंदिराजवळ’ असंच लिहितो आणि माल आला तर त्याच ओळीच्या भरवशावर येतो.

मिक्सर निघाला. फोनवर त्याचा प्रवास तासातासाला दिसत होता. हुबळीपर्यंत तो मुकाट्याने आला आणि तिथे बसला. आपल्या स्टेशनचा प्लॅटफॉर्म १५०७ मीटर, जगात सगळ्यांत लांब. मिक्सर तेवढं जरी चालला असता तरी निम्म्याहून जास्त वाट सरली असती. पण रोज सकाळी निरोप यायचा, ‘आज पोचेल’, आणि रोज संध्याकाळी, ‘ग्राहक उपलब्ध नव्हते’. बाबा, तुम्ही त्या दिवसांत गिरमिट खायलासुद्धा कट्टा सोडून गेला नव्हता, हे मला माहीत आहे. भूत घरात शिरू नये म्हणून कर्नाटकात दारावर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असं लिहायचे. बिचारं भूत वाचायचं आणि उद्या येतो म्हणून परत जायचं. या कंपनीने ती पाटी स्वतःच्या दारावर लावली आहे, आणि भूत आपण.

शेवटी ओटीपीची भानगड. तो आकडा येतो माझ्या फोनवर, माल तुमच्या दारात, आणि तुमचे साडेदहा म्हणजे आमचे सकाळचे सात. मी अर्धवट झोपेत, ईराची एक वेणी माझ्या हातात, आणि फोनवर तो पोरगा.

“म्याडम, एल्लि अदीरि?”

“मी जर्मनीत आहे. घरी आई-बाबा आहेत, जिन्याने वर जा.”

“जर्मनी अंद्र? दुर्गद बैल कडे ऐतेन्री?”

जर्मनी आपल्या दुर्गद बैलच्या बाजाराकडे येते का, हे तो अगदी मनापासून विचारत होता. मी “हौद्री” म्हटलं आणि आकडा सांगितला. या सगळ्या व्यवहारात मला भेटलेला तो पहिला जिवंत माणूस. त्याच्यावर माझा काडीचा राग नाही.

पुढचं तुम्ही पाहिलंच. खोक्यात तीन भांडी, चार झाकणं, एक पुस्तिका आणि मोटर नाही. आईने फोनवर शांतपणे विचारलं, “हा हाताने फिरवायचा आहे का गं?” मग मी ग्राहकसेवेशी गप्पा मारायला बसले. आईसाठी त्या मराठीत करून लिहिते:

मी : मिक्सरच्या खोक्यात मोटर नाही.
ते : आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. ऑर्डर क्रमांक सांगा.
(तो क्रमांक त्यांच्याच चौकटीत वर छापलेला होता. तरी सांगितला.)
ते : आनंदाची बातमी! आपली ऑर्डर पोचलेली आहे.
मी : पोचली. पण मोटर नाही.
ते : आपल्याला मोटर घ्यायची आहे का? हे पर्याय पाहा.

पहिला पर्याय विहिरीवरच्या पंपाचा होता. मी ‘माणसाशी बोलायचं आहे’ असं लिहिलं. उत्तर आलं, ‘आपलं समाधान झालं का? हो / नाही.’ ‘नाही’ दाबलं की गाडी पुन्हा गैरसोय समजून घेण्यापासून सुरू. रात्री मेल आली : आपली तक्रार निकालात काढली आहे, आम्हाला किती तारे द्याल? बाबा, माणूस चिडला तर आपणही चिडतो, मग दोघेही थकतो आणि काहीतरी मार्ग निघतो. हा यंत्रबुवा चिडतच नाही. तो फक्त माफी मागतो. माफी मागणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

इथे फार रामराज्य आहे असं समजू नका. इथल्या इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो, घंटीवर आडनाव असतं. आपलं आडनाव वाचता वाचता कुरियरवाला दमतो आणि पार्सल शेजाऱ्याकडे टाकून जातो. कोणत्या शेजाऱ्याकडे, ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, पण ते अक्षर डॉक्टरचं. तळमजल्यावरच्या पेन्शनर आजीबाईंकडे सगळ्या इमारतीचा माल जमतो. कोणी काय मागवलं, कोणी काय परत पाठवलं, सगळं त्यांना ठाऊक. आपल्या कट्ट्यावर त्या सहज खपून जातील.

परत पाठवण्याचं मात्र इथे खरंच सुख आहे. ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू हातात आल्यापासून १४ दिवसांत, कारण न सांगता परत करता येतात. सगळ्या युरोपीय संघात तसा कायदा आहे. आईला हे पटणार नाही. कारण न सांगता वस्तू परत करणं म्हणजे तिच्या मते अर्धी मजा घालवणं.

आणि मागच्या वेळी तुम्ही पाठवलेल्या खाऊचं काय झालं ते लिहायचं राहिलंच होतं. पार्सल कस्टममध्ये अडकलं. तिथे आपणच जायचं, त्यांच्यासमोर आपल्या हाताने खोका उघडायचा. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून टपालाने मागवायला युरोपात मनाई आहे, मिठाईला थोडी सवलत आहे. आता धारवाडचा पेढा दूध की मिठाई? कस्टमचे साहेब पेढ्याकडे बघतायत, मी साहेबांकडे बघतेय. मी म्हटलं, दूध इतकं आटवलं की ते दूध राहत नाही, स्वभाव होतो. त्यांनी आत फोन केला, नियम वाचला, पुन्हा पेढा पाहिला आणि सोडला. अडवलं कशाला, तर मेतकुटाला! पिवळी पूड, वर हिंगाचा वास. पुडी नाकाशी नेल्यावर त्यांचा चेहरा जो झाला, तो आईने पाहायला हवा होता. मी तिथेच भात, तूप आणि मेतकूट यांवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. पुडी सुटली. साहेब खडूस होते, पण समोर होते. बोलता आलं.

म्हणून बाबा, मिक्सरच्या वेळी तुम्ही जे केलंत त्याला माझा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं इंजिनियर चौकटीत टाइप करत बसलो आणि तुम्ही कागद काढला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचं. ते नाव पार तळाशी, मुंगीच्या अक्षरांत होतं. तुम्ही भिंग लावून काढलंत. नव्या ग्राहक कायद्यामुळे कंपनी कुठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, हेही तुम्ही पत्रात घातलंत : ‘अन्यथा धारवाड येथील जिल्हा आयोगात भेटू.’ त्या एका वाक्यावर कंपनीत कुठेतरी एक खुर्ची सरकली असणार. कारण दुसऱ्याच दिवशी माणसाचा फोन आला, तोही कन्नडमध्ये, आणि बोलता बोलता तो गदगचा निघाला.

यात आईचा वाटा विसरून चालणार नाही. माल परत न्यायला आलेल्याने मूळ खोका मागितला, बारकोडसकट. आईच्या माळ्यावर आपल्या घरात आलेला प्रत्येक खोका आहे, पहिल्या टीव्हीचासुद्धा. बाबा, तो माळा रिकामा करा म्हणून तुम्ही दर दिवाळीला जे भांडता, ते यंदापासून बंद.

पैसे परत आले आहेत. ते मी तुमच्या खात्यात टाकले. आता मिक्सर पेठेतूनच घ्या. दुकानात लावून बघा, चटणी वाटून बघा, घासाघीस आईला करू दे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असेल तर घाबरू नका. माल सदोष असेल आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवसांत तो परत घ्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आणि त्याने ऐकलं नाहीच, तर दुकान उद्याही तिथेच असतं, मालक गल्ल्यावरच असतो. पाहिजे तितकं भांडता येतं.

ईराचा तुम्हा दोघांना गोड पापा. निखिलचा नमस्कार.

तुमची,
सुमेधा

ता. क. : बाबा, शेजारच्या काकांनाही सांगा. ग्राहकसेवेचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन लावू नका, तिथे भामट्यांनी खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. बिलावर किंवा ॲपमध्ये असेल तोच नंबर खरा. सरकारची ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीही चालते आणि कन्नडही. आणि फसवणुकीत पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३०.