हाती फावडं, मुखी आराम

नॉर्वेत माणसं साधारण पंचावन्न लाख आणि सुट्टीत राहायची घरं साडेचार लाखांच्या आसपास. म्हणजे दर बारा माणसांमागे डोंगरात नाहीतर समुद्राकाठी एक लाकडी घर. अशा घराला तिकडे ‘ह्युत्ते’ म्हणतात. आमचंही एक आहे, ऑस्लोहून मोटारीने तीनेक तासांवर, वाल्द्रेसच्या डोंगरात. ते आम्ही आरामासाठी घेतलं, असं मी पुण्याच्या नातेवाइकांना सांगत असतो. त्यांचा विश्वास बसतो, कारण त्यांनी माझे तळहात पाहिलेले नाहीत.

ऑस्लोतला शेजारी हा शक्यतो न दिसणारा प्राणी आहे. दाराच्या भिंगातून आधी जिना मोकळा असल्याची खात्री करायची आणि मगच कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडायचं, ही तिथली सभ्यता. त्याच माणसाला हजार मीटर उंचीवर नेऊन सोडा, तो अनोळखी माणसालाही लांबून हात करतो. गप्पा मात्र तिथेही मारत नाही. तो थेट कामाला लावतो. चहाला बोलावणं, विचारपूस करणं, सुखदुःख वाटून घेणं, हे सगळं तो फावड्यानेच उरकतो.

आमच्या वाडीत उजवीकडे आजोबा राहतात, निवृत्त शाळामास्तर. खालच्या अंगाला दंतवैद्य बाई. वरच्या घरात दोन भाऊ. ते घर त्यांना वडिलांकडून सामाईक मिळालं, त्यामुळे ते आलटूनपालटून येतात आणि एकमेकांसाठी स्वयंपाकघरात चिठ्ठ्या ठेवतात. त्या चिठ्ठ्यांची भाषा वकिली असते, असं आजोबांकडून कळलं. आजोबांकडे सगळ्या घरांच्या किल्ल्या आहेत.

बर्फ वितळला की रस्ता-समितीचा निरोप येतो: शनिवारी दहा वाजता, फावडं आणि हातमोजे घेऊन. याला ‘डुग्नाद’ म्हणतात. आपल्याकडे शेतकरी इर्जिक घालतात. शेजारी बैल-नांगर घेऊन येतात आणि ज्याचं शेत त्याने जेवण घालायचं. इथे पद्धत तीच. फक्त बैल नाहीत, म्हणून आम्ही. चर उपसायचे, खड्ड्यांत खडी भरायची, फाटकाला रंग द्यायचा. यायची कोणावर सक्ती नसते. हजेरीही कोणी घेत नाही. पण कोण, कोणत्या वर्षी, कोणतं कारण सांगून आला नव्हता, हे वाडीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक असतं.

दुपारी शेकोटीवर सॉसेज, उकळलेली काळी कॉफी, वॉफल आणि त्यावर तपकिरी चीज. हे चीज म्हणजे दुधाचं पाणी आटवून केलेला पदार्थ. डोळे मिटून खाल्लं तर मीठ पडलेला बेळगावी कुंदा. माझ्या बायकोने, मेधाने, एकदा सोबत थालीपिठं नेली. आजोबांनी त्यावर चीजचा पातळ काप ठेवला, शांतपणे खाल्लं आणि म्हणाले, “वाईट नाही.” मेधाचा चेहरा उतरला. वाल्द्रेसमध्ये याच्या वरचा शेरा नसतो, हे तिला पटवायला मला परतीचा सगळा रस्ता लागला.

खरा धर्मसंकटाचा विषय म्हणजे सरपण. लार्स मीटिंग नावाच्या लेखकाने 2011 मध्ये लाकूड फोडणं, रचणं आणि वाळवणं यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि देशाने ते डोक्यावर घेतलं. 2013 च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी टीव्हीने सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम केला. त्यातले आठ तास पडद्यावर नुसती शेकोटी जळत होती. लोकांनी पाहिलं आणि तक्रारीही केल्या. निम्म्यांचं म्हणणं, लाकडं साल वर करून रचली होती. उरलेल्यांचं म्हणणं, साल खाली करून.

हे दोन्ही पंथ आमच्या दोन्ही बाजूंना राहतात. आजोबांच्या मते साल वर हवी, म्हणजे पाऊस छपरावरून ओघळावा तसा ओघळून जातो. दंतवैद्य बाईंच्या मते साल खाली हवी, म्हणजे लाकडातली ओल वरून निघून जाते. दोघंही आमच्या ढिगापाशी थांबून बघतात, बोलत काहीच नाहीत. तेव्हा आम्ही उजवीकडची रास साल वर आणि खालच्या अंगाची रास साल खाली अशी रचून टाकली. आता आम्हाला दोन्हीकडून मान आहे. दोन्ही राशी सारख्याच जळतात, हे मी कुठे बोलत नाही.

हिवाळ्यात ऋणाचा व्यवहार सुरू होतो. एका सोमवारी कचेरीत असताना आजोबांचा निरोप आला: “तुझ्या छपरावर मीटरभर बर्फ होता.” त्या ‘होता’ने माझी झोप उडवली. सत्तरी ओलांडलेला माणूस आपल्या छपरावर चढला आणि आपण खुर्चीत बसून होतो! आभार मानले तर तो अवघडतो, भेटवस्तू दिली तर संशय घेतो. फिटंफाट करायची तर काम शोधावं लागतं. मी शुक्रवारी रात्री पोहोचून त्यांच्या दारापर्यंतची वाट उपसली. त्यावर त्यांनी आमच्या भिंतीतली उंदरांची भोकं लोखंडी चोथ्याने बुजवली. मी त्यांच्या रस्त्याकडेच्या खुणेच्या काठ्या रोवल्या. हे ऋण कोणाच्या बाजूला किती आहे, याचा हिशेब आता आमच्या दोघांच्याही हातात राहिलेला नाही.

जवळपास प्रत्येक घरात डोंगराचे नऊ नियम टांगलेले असतात. 1967 च्या ईस्टरला डोंगरात बरीच माणसं दगावली, त्यानंतर ते देशभर घरोघरी पोहोचले. आठवा नियम म्हणतो, वेळेत मागे फिरा, त्यात लाज नाही. नववा म्हणतो, ताकद राखून ठेवा. वाडीच्या कामांत या दोन्ही नियमांना स्थगिती आहे.

उन्हाळ्यात पुण्याहून आत्या आली होती. आमचा संडास अंगणापलीकडे, लाकडी खोपटात. आत राजघराण्याची तसबीर लावायची तिथे जुनी रीत आहे. आत्या गेली तशीच पदर सावरत परत आली. “अरे, आत राजा-राणी बसलेत!” नंतर ती जाताना तसबीर उलटी करायची आणि येताना सुलटी. आजोबांना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदा मोठ्याने हसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तसबिरीला एक छोटासा पडदा ठोकून दिला. मला पुन्हा एक काम शोधणं आलं.

किल्ली, कुऱ्हाड, ट्रेलर, छपरावरची मेहनत, सगळं मोकळ्या हाताने देणारी ही माणसं एका बाबतीत मात्र पक्की आतल्या गाठीची आहेत. ऑगस्टच्या सुमाराला दलदलीत ‘मुल्टे’ नावाची नारिंगी बोरं पिकतात. ती कुठे मिळतात, हे कोणी कोणाला सांगत नाही. आजोबा बादली पिशवीत लपवून, आधी उलट्या दिशेला चालत निघतात. दंतवैद्य बाई धुक्याची वाट बघतात. एकमेकांशी न बोलणारे ते दोन भाऊ, त्यांच्यातही म्हणे ही जागा चिठ्ठीत लिहायची नाही, यावर एकमत आहे.

एके वर्षी मलाही एक जागा सापडली. बाईंनी विचारलं, “कुठे मिळाली?” मी अर्धा वाल्द्रेस कवेत येईल असा हात फिरवून म्हटलं, “तिकडे.” आजोबा पलीकडे लाकडं रचत होते. त्यांनी मान डोलावली. “वाईट नाही,” म्हणाले.

ती जागा मी मेधालाही दाखवलेली नाही. पण हल्ली तिची बादली माझ्या बादलीपेक्षा जास्त भरलेली असते. कुठून आणतेस, विचारलं तर सांगत नाही. म्हणते, तू शेजाऱ्यांच्या उपकारात फार अडकलायस, एखाद्या दिवशी फेडायला म्हणून सांगून बसशील.