चौसष्टाव्या सेंटिमीटरला गुलाब

चित्रकाराच्या मुलाखतीत एक प्रश्न असतोच असतो : तुमची प्रेरणा काय? उत्तरंही बहुतेक ठरलेली. कोकणातला पाऊस, आजीची गोधडी, जुनी लघुचित्रं, आणि हल्ली ‘शांतता’. अशा मुलाखती मी आवडीने वाचते, आणि वाचून झाल्यावर थोडी खट्टू होते. आजी आपल्यालाही होती, गोधडीही होती, मग आपल्याला का नाही काही सुचलं?

सुरतेला राहणाऱ्या माझ्या मावसभावाला मी एकदा हाच प्रश्न विचारला. नाना उधन्याला लूमच्या खडखडाटाला लागून असलेल्या एका खोलीत बसून साड्यांवरची फुलं काढतो. त्याने काढलेली फुलं नेसून किती बायका लग्नांना, हळदीकुंकवांना आणि शाळेच्या पालकसभांना गेल्या असतील याची मोजदाद नाही. त्यांतल्या एकीलाही त्याचं नाव ठाऊक नाही. प्रश्न ऐकून त्याने मान वळवली नाही. म्हणाला, “चौसष्ट सेंटिमीटर.”

मला वाटलं, लूमच्या आवाजात त्याला भलतंच ऐकू गेलं.

तर ते तसं नव्हतं. रोटरी छपाईत निकेलचा, बारीक भोकाभोकांचा एक पोकळ सिलिंडर असतो. आत रंग, खाली धावतं कापड. या सिलिंडरचा घेर साधारण ६४ सेंटिमीटर. एक फेरा पुरा झाला की तीच नक्षी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे वरच्या कडेला अर्धं कापलं गेलेलं पान खालच्या कडेला स्वतःच्याच उरलेल्या अर्ध्याला बिनबोभाट येऊन मिळालं पाहिजे. याला धंद्यात ‘रिपीट’ म्हणतात. रिपीट चुकलं की कापडावर आडवा पट्टा पडतो आणि हजारो मीटर पडत राहतो, कारण यंत्राला लाज नसते. पदराच्या साड्यांचं गणित निराळं, त्या टेबलावर किंवा डिजिटलवर निघतात. पण अंगभर एकसारखी नक्षी हवी असेल तर नानाच्या गुलाबाला चौसष्टाव्या सेंटिमीटरला हजर व्हावंच लागतं. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये चित्रकला आहे, सुईकाम आहे, पोपट-मैनेला बोलायला शिकवणंसुद्धा आहे. ही एक कला तेवढी राहून गेली.

“आधी फूल सुचतं की आधी रिपीट?” मी विचारलं.

“ताई, आधी शेठचा फोन येतो.”

शेठ बसतात रिंगरोडवरच्या एका मार्केटात, पांढऱ्याशुभ्र गादीवर. त्या गादीवर बसून शेकडो साड्या पसरायच्या, ढकलायच्या, पुन्हा पसरायच्या असा दिवसभराचा उद्योग चालतो. फोनवर ते एक फोटो पाठवतात. दुसऱ्या कुणाची तरी साडी, सध्या ‘रनिंग’ असलेली. खाली एक ओळ : ऐसाही चाहिए, पर अलग. कलेच्या इतिहासात परंपरा आणि नवता यांवर जाडजूड ग्रंथ आहेत. मला त्यांतलं जेवढं समजलं तेवढं सगळं या चार शब्दांत आहे. नाना फुलाचं तोंड फिरवतो, बुट्टा जरा फुगवतो, पार्श्वभूमीचा मोतिया घालवून पिस्ता आणतो. शेठ बघतात आणि म्हणतात, “बहोत अलग हो गया.”

आणि रंग! रोटरीत प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्क्रीन लागते. सहा रंग म्हणजे सहा सिलिंडर, सहांचा खर्च. म्हणून शेठचं दुसरं आवडतं वाक्य : एक रंग निकाल दे. रंग काढला तर देठ जातो, देठ गेला तर गुलाब हवेत. अशा वेळी नाना निळ्याची किनार पिवळ्याच्या अंगावर थोडी चढवतो आणि मधल्या पट्टीत हिरवा आपोआप उमटतो. याला ‘फॉल-ऑन’ म्हणतात. स्क्रीन पाचच, रंग सहा. ही युक्ती मला समजावताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी मोठमोठ्या प्रदर्शनांच्या उद्घाटनाला पाहिलेला नाही. तिथे खर्च वाचवल्याचा आनंद कुणाला होत नसावा.

शेजारच्या खोलीत भरतकामाच्या यंत्रांसाठी पंचिंग करणारा, म्हणजे नक्षीचे टाके मांडून देणारा, एक मुलगा बसतो. त्याचा हिशेब हजार टाक्यांवर. पाकळी भरीव केली की टाके वाढतात, टाके वाढले की भाव वाढतो, भाव वाढला की गिऱ्हाईक जातं. म्हणून त्याचे गुलाब थोडे उपाशी दिसतात.

कलावंताला असं बांधून घालणं हा आजकालच्या बाजाराचा दोष आहे, असं म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती. पण सुरतेत हे बोलणं अवघड आहे. इथे १६४३ साली लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांचं पत्र आलं होतं. विषय : रंगीत नक्षीच्या रजया. तुमच्याकडून येणाऱ्या रजयांची जमीन उदास तांबडी असते, ती इथे फारशी खपत नाही. यापुढे जमीन पांढरी ठेवा आणि फुलं-फांद्या रंगीत करा. एवढ्या हुकमात त्यांनी एक सूट मात्र दिली होती. मधली फुलं चितारी त्याच्या मर्जीने काढेल. मी नानाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीसकट माझ्याकडे वळला. “मर्जीने? लेखी दिलं होतं?” त्याच्या आवाजात साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी चिताऱ्याबद्दल शुद्ध मत्सर होता.

सुरतेचं नाव काढल्यावर मराठी माणूस १६६४ वर न येता किती वेळ बोलू शकतो? मी बरीच कळ काढली, पण आता येते. महाराजांनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरत लुटली. नानाच्या मते ती वसुली अजून चालू आहे, साडीमागे दहा-वीस रुपये धरून, नाशिक-पुण्याच्या दुकानांतून. फरक एवढाच की वसूल करणाऱ्यांच्या कारखान्यात आता आपलीच माणसं आहेत. तापी भुसावळ-जळगावकडून वाहत येऊन सुरतेपाशी समुद्राला मिळते, आणि तिच्या बाजूबाजूने, ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने, खानदेशातली गावंच्या गावं इकडे आली. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा इथे भाजीवालीशी अहिराणीत घासाघीस करता येते. आधीची पिढी लूमवर आणि रंगाच्या मिलमध्ये राबली. त्यांच्या पोरांतले काही संगणकासमोर येऊन बसले. नाना त्यांतलाच. आर्ट स्कूल त्याने बाहेरूनही पाहिलेलं नाही.

पण त्याच्याकडे एक खण आहे. तो उघडला तेव्हा मला मुलाखतीचं खरं उत्तर मिळालं. आत भेटवस्तूंचे कागद, एका बाथरूमच्या टाइलचा तुकडा, लग्नपत्रिका, बिस्किटाच्या डब्याचं झाकण, पडद्याच्या कापडाचे नमुने, आणि सगळ्यांत खाली जुने दिवाळी अंक. दीनानाथ दलालांचे, मुळगावकरांचे. ते त्याने जळगावच्या रद्दीवाल्याकडून आणलेले. त्या चित्रांतल्या सुंदऱ्यांकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्यांच्या साड्यांचे काठ पाहतो. “दलालांनी घडीवर बुट्टा कसा मोडलाय बघ. कापड ओळखत होता माणूस.” मुखपृष्ठांवर आजन्म प्रेम केलेल्या माझ्यासारखीला हे एकदम नवं होतं. चित्राच्या कोपऱ्यातली सही मी पाहत आले होते. काठाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. आजही पुण्यात चंद्रमोहन कुलकर्णींचं मुखपृष्ठ आपण लांबूनच ओळखतो. सुरतेत सहीची जागा म्हणजे कापडाची कड, आणि तिथे नाव छापलेलं असतं ते कंपनीचं.

बाथरूमच्या टाइलचं मात्र मला पचेना. “म्हणजे मी लग्नात न्हाणीघर नेसून मिरवले?”

“त्या टाइलवाल्याने तरी कुठून घेतलं असेल? साडीवरूनच.”

याला उत्तर नव्हतं. कोयरीचंच बघा. काश्मीरच्या शालीवरून ती स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावाच्या मागांवर गेली, तिथे त्या गावाचंच नाव लावून बसली आणि जगभर हिंडून पुन्हा आपल्या पदरावर आली. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी सुरतेचे तीन पारशी भाऊ विणकाम शिकायला चीनला पाठवले आणि त्यांच्यामुळे तनछोई इथे आली, असं सांगतात. म्हणजे ‘ऐसाही चाहिए’ म्हणणारे शेठ फार जुने आहेत. त्यांतले काही फक्त ‘सर’ किताब मिळालेले होते.

प्रसंगाप्रमाणेही प्रेरणा येते. ‘हम आपके हैं कौन’मधली माधुरीची जांभळी साडी १९९४ नंतर ज्या वेगाने घराघरांत शिरली, तो वेग टपालखात्याला साधलेला नाही. २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर सुरतेत सैनिक आणि रणगाडे छापलेल्या साड्याही निघाल्या. देशभक्तीबद्दल शंका नाही, पण नेसण्याचं काय? रणगाड्याची तोफ निऱ्यांत गेली की बाहेर नुसती चाकं उरतात. हे नानासारख्या माणसाला आधीच दिसतं. त्याला सहा वार कापड सपाट दिसत नाही, ते कमरेला खोचलेलं, खांद्यावरून टाकलेलं असंच दिसतं. आतल्या, झाकल्या जाणाऱ्या भागावर तो रंग वाया घालवत नाही. निऱ्यांना एक नक्षी आणि पदराला दुसरी, असा ‘पाटली-पल्लू’ प्रकार त्याच हिशेबातून जुळतो. त्याने स्वतः जन्मात साडी नेसलेली नाही, तरी माझ्या निऱ्या उलट्या बाजूला वळल्यात हे त्याने दारातच ओळखलं होतं.

आमचं भांडण झालं ते पैठणीवरून. येवल्याचा बांगडी मोर आता सुरतेच्या जॅकार्डवरही निघतो, आणि त्या नक्षीचे ग्राफ करणाऱ्यांत नानाचे मित्र आहेत. अस्सल पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर तितकाच स्वच्छ असतो. यंत्रावरच्या मोराच्या पाठीमागे मात्र धाग्यांचं जंगल लोंबतं. आमच्या सगळ्या मावश्यांना हे माहीत आहे. दुकानात गेल्या की त्या आधी पदर उलटा करतात आणि मग दुकानदाराकडे अशा बघतात की तो स्वतःहून भाव उतरवतो. माझं म्हणणं एवढंच होतं की हजार रुपयांच्या मोराने हजार रुपयांचा मोर म्हणूनच नाचावं, येवल्याचा पत्ता सांगू नये. विणकराने पदरावर महिनोन्‌महिने घालवायचे आणि इथे नुसती फाइल पळवायची? नाना म्हणाला, “ताई, ज्या बाईला लाखाची पैठणी कधीच घेता येणार नाही, तिने मोर बघायचाच नाही का?” आम्ही दोघं आपापल्या जागी बरोबर होतो, म्हणून वाद लवकर मिटला नाही. मावशीने चहा आणून तो मिटवला.

आता डिजिटल छपाई आली. रंगांची मोजणी नाही, चौसष्ट सेंटिमीटरची कैदही नाही. हवे तेवढे रंग, हवा तेवढा लांब गुलाब. मला वाटलं, नाना सुटला. पण तो म्हणतो, मोकळीक मिळाली तशी सगळ्यांची फुलं एकसारखी दिसायला लागली. पिंटरेस्टवरचा तोच गुलाबी पिओनी सुरतेपासून शांघायपर्यंत सगळ्यांनी एकाच आठवड्यात उचलला. पिओनी सुरतेत कुणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, आणि जिथे पारा चाळिशीच्या वर जातो तिथे तो तग धरेल असंही वाटत नाही. वेटलेस जॉर्जेटवर मात्र बारमाही फुलतो. आणखी पुढची पायरी म्हणजे शेठचा मुलगा. तो मोबाइलमध्ये ‘रॉयल, नवीन, गुलाब’ असं काहीतरी लिहितो आणि मिनिटभरात ढीगभर गुलाब काढून देतो. मग ते सगळे घेऊन नानाकडे येतो. कारण एकाही गुलाबाची वरची कड खालच्या कडेला जुळत नाही.

श्रावणात डिंडोलीला एका नातेवाइकांकडे कानबाईचा उत्सव होता. मावशी, नाना आणि मी गेलो. अंगणात बायकांची दाटी, आणि त्या दाटीत तीन साड्यांवर एकच नक्षी. एक राणी रंगाची, एक बाटली हिरवी, एक जर्द पिवळी. नक्षी केळीच्या पानांची होती. शेठच्या फोटोत भलतीच परदेशी पानं होती. नानाने तेवढी बदलून जळगावची केळ घुसवली होती आणि शेठच्या ते लक्षात आलं नव्हतं. मावशीने भर गर्दीत विचारलं, “हाई पान तू काढेल शे का?” त्याने हो म्हटल्यावर तिने ही बातमी तिघींनाही जाऊन सांगितली. तिघींची तोंडं उतरली. प्रत्येकीला दुकानदाराने हा एकच पीस आहे म्हणून शपथेवर विकला होता.

मावशीचं समाधान झालेलं नव्हतं. तिचा जन्म केळीच्या बागांत गेलेला. तिने राणी रंगाच्या साडीचा पदर, आत बाई असतानाच, हातात घेतला, निरखला आणि सांगितलं की केळीचं पान असं वळत नाही, वाऱ्याने ते शिरेपर्यंत आडवं फाटतं. इतकं अखंड पान फक्त जेवायला घेतात. नाना काही बोलला नाही. पण दोन दिवसांनी त्याने फाइल उघडली, पानं मधल्या शिरेपर्यंत फाडली, त्या फाटींतून मागचा रंग डोकावू दिला, रिपीट पुन्हा बसवलं. मलाही ते पान आता खरंखुरं वाटलं. त्याने ते रिंगरोडला पाठवलं.

शेठचं उत्तर लगेच आलं : कपडा फटा हुआ लगता है. पुराना ही चालू रखो.