मुलाकडून उसने

वारसदार होण्यासाठी फारशी पात्रता लागत नाही. जन्म तेवढा योग्य घरात घ्यावा लागतो. धीरूभाई अंबानी 2002 साली गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हते. गावाकडे अशा वेळी सात-बाऱ्यावर नावे चढतात, बांधावर कुऱ्हाडी निघतात आणि दावा नातवंडांना पुरतो. इथे आई मध्ये पडली आणि जून 2005 मध्ये वाटणी जाहीर झाली. थोरल्या मुकेशभाईंकडे तेल राहिले. धाकट्या अनिलभाईंकडे फोन, वीज आणि वित्त आले. तेल गेले, तूप गेले ही म्हण इथे लावायची घाई नको. तूप भरपूर होते.

इतके की 2008 साली ‘फोर्ब्स’ने अनिलभाईंना 42 अब्ज डॉलर्ससह जगातल्या श्रीमंतांत सहावे बसवले. त्याच वर्षी जानेवारीत रिलायन्स पॉवरचा आयपीओ आला. वीजप्रकल्प बहुतेक कागदावरच होते, पण कागद अंबानींचा होता! ज्यांना घरातला फ्यूज बदलता येत नव्हता, तेही डीमॅट उघडून वीजनिर्मितीत उतरले. शेअर 450 रुपयांचा, किरकोळ गुंतवणूकदारांना 430 ला. फेब्रुवारीत नोंदणी झाली आणि पहिल्याच दिवशी भाव 372 च्या आसपास बंद झाला. मग समजूत काढायला पाचास तीन बोनस शेअर. (रडणाऱ्या भागधारकाला कागद दिला की कागदाचेच सांत्वन होते.)

पुढचे भराभर सांगतो, कारण पैसाही तसाच गेला. फोनचा धंदा कर्जात बुडाला आणि मुंबई उपनगरातला विजेचा धंदा 2018 मध्ये अदानींकडे गेला. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की फोनच्या धंद्यात थकवलेले एरिक्सन या दूरसंचार कंपनीचे पैसे चार आठवड्यांत भरा, नाहीतर तीन महिने तुरुंग. मुदत संपता संपता पैसे भरले गेले आणि धाकट्याने दादा-वहिनींचे जाहीर आभार मानले. वाटणी झाली तरी भाऊबीज राहते, ती अशी.

खरी बहार 2020 मध्ये लंडनच्या कोर्टात आली. तीन चिनी बँका वैयक्तिक हमीवर बोट ठेवून पैसे मागत होत्या. अनिलभाईंचे म्हणणे, अशी हमी आपण दिलीच नव्हती. आपल्या पतसंस्थेत मेहुण्याला जामीन राहिलेल्या माणसाला ही सोय नसते. पगार कापला जाऊ लागला की त्याला स्वतःची सही बरोबर ओळखू येते. अनिलभाईंनी सांगितले, आपली निव्वळ संपत्ती शून्य आहे. राहणी साधी, गाडी एकच, आणि वकिलांची फी दागिने विकून भागवली. दागिन्यांचे 9.9 कोटी आले म्हणे. आमच्याकडे बायकोच्या पाटल्या गहाण पडतात तेव्हा सोनार आधी वजन आणि मग आपले तोंड बघतो.

पण माझा जीव अडकला तो आणखी एका तपशिलात. आईकडून 500 कोटी उसने, आणि मुलाकडून 310 कोटी! बाप मुलाला वारसा देतो, एवढेच आजवर ऐकले होते. आता मुलगा अनमोल वारसही आहे आणि धनकोही. उद्या हा हिशेब वारसाकडे आला, तर वसुलीची नोटीस त्याने स्वतःलाच धाडायची. टपालखर्च तेवढा वाचेल.