लग्न दोघांचं, पसंती सव्वा कोटींची

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने 2017 साली ती सगळी एका पाकिटात घातली आणि घरोघर पोस्टाने पाठवून दिली.

विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, ही व्याख्या 2004 मध्ये जॉन हॉवर्ड सरकारने कायद्यात घातली, तेव्हा जनतेला कुणी विचारलं नव्हतं. संसदेत मतं पडली, काम झालं. समलिंगी जोडप्यांच्या लग्नासाठी तीच व्याख्या बदलायची म्हटल्यावर मात्र सत्ताधाऱ्यांना एकदम आपली पायरी कळली. एवढा मोठा निर्णय आम्ही पामरांनी कसा घ्यावा? जनता जनार्दनालाच विचारू! टोनी ॲबट यांनी 2015 मध्ये ही टूम काढली. त्यांना हटवून पंतप्रधान झालेल्या माल्कम टर्नबुल यांनी खुर्चीबरोबर तीही ताब्यात घेतली. सिनेटने सार्वमताचा हा बेत दोनदा हाणून पाडला. म्हणजे जनतेला विचारायचं की नाही, हे जनतेला न विचारताच ठरलं. असो.

सार्वमत नको ना? मग सर्वेक्षण घ्या! काम गेलं सांख्यिकी विभागाकडे. वर्षभरापूर्वी ऐन जनगणनेच्या रात्री याच विभागाची वेबसाइट झोपली होती, तेव्हा कागद आणि टपालपेटीच बरी. खर्चाला 12 कोटी 20 लाख डॉलर काढले ते ‘तातडीच्या आणि अनपेक्षित’ खर्चासाठी राखलेल्या निधीतून. ज्या विषयाचं दळण सरकार स्वतःच दोन वर्षं दळत होतं, तो अनपेक्षित! तिथल्या हायकोर्टानेही हरकत घेतली नाही. एरवी मत न देणाऱ्याला दंड करणारा हा देश, पण इथे मत ऐच्छिक. वर विभागाने बजावलं, पाकिटात चमकी घालू नका, यंत्रं अडतात. मंगलकार्यात अक्षतांनाही मज्जाव.

15 नोव्हेंबरला निकाल लागला: 61.6 टक्के ‘हो’. हा कौल मग गेला कुठे? त्याच संसदेत, कारण सर्वेक्षण कायद्याने कुणावरच बंधनकारक नव्हतं! ॲबट यांच्या वॉरिंगा मतदारसंघातून 75 टक्के होकार आला होता. 7 डिसेंबरला प्रत्यक्ष मतदानाची वेळ आली, आणि जनतेलाच विचारा म्हणून धोशा लावणारे ॲबट सभागृहाबाहेर पडले. तिकडे पश्चिम सिडनीच्या ब्लॅक्सलंडमध्ये जवळपास 74 टक्के नकार, तरी तिथल्या विरोधी लेबर पक्षाच्या खासदाराने खुशाल होकार दिला. मतदारांचं दोघांनीही ऐकलं नाही. फरक इतकाच, की जनतेला विचारा असं लेबरवाले म्हणालेच नव्हते. दीडशे जणांच्या त्या कनिष्ठ सभागृहात विरोधात मतं पडली अवघी चार.

पुढच्या फेब्रुवारीत ॲबट यांच्या सख्ख्या बहिणीने आपल्या जोडीदारणीशी लग्न केलं. भाऊराय हजर होते. या वेळी सभागृह सोडून गेल्याचं ऐकिवात नाही.